फीलर गेजपासून ऑइलच्या डब्यापर्यंत

गेल्या चाळीस वर्षांत आपल्याकडच्या मोटारीच्या इंजिनात काय बदललं, असं विचारलं तर कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, हे उत्तर ठरलेलं आहे. कॅमशाफ्टचं नाव सहसा कुणी घेत नाही. क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरणारा हा दांडा; व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा आणि कधी मिटायचा, हे तोच ठरवतो. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. या हिशेबात थोडी गडबड झाली की पिकअप जातो, ॲव्हरेज घसरतं, गाडी मिसिंग करते. १९८० च्या सुमाराला ही गडबड निस्तरण्याचं काम मेकॅनिकच्या बोटांत होतं. आज त्याचा मोठा भाग इंजिन ऑइलकडे गेला आहे. गाडीची निगा राखण्याच्या आपल्या सवयी मात्र जुन्याच राहिल्या. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगच्या, म्हणजे व्हीव्हीटीच्या, नावावर गॅरेजात जी बिलं होतात त्यांतली बरीचशी या तफावतीतून निघतात, असं माझं मत आहे.

सुरुवात कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रीमियर पद्मिनीपासून करावी लागते. तिच्या १०८९ सीसी इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असायचा. त्याच्या उंचवट्याने टॅपेट वर ढकलायचं, टॅपेटने पुशरॉड, पुशरॉडने रॉकर आर्म आणि रॉकरने व्हॉल्व्ह. ॲम्बेसेडरची मांडणीही हीच. धातू तापून फुगतो, म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये केसभर फट ठेवावी लागे. ती झिजेने बदलत राही आणि ठरावीक किलोमीटरनंतर ‘टॅपेट सेट’ करणं भाग पडे. झाकण काढायचं, क्रँक फिरवून तो व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेल्या जागी आणायचा, रॉकरवरचा लॉकनट सैल करायचा, फटीत फीलर गेजची पात सरकवून स्क्रू फिरवायचा. पात अडकत अडकत सरकली पाहिजे. फार मोकळी नको, फार घट्टही नको. मग स्क्रू जागच्या जागी धरून नट आवळायचा आणि पात पुन्हा घालून पाहायची, कारण आवळताना फट हमखास बदलते. चांगल्या मेकॅनिकची ओळख या शेवटच्या पायरीवर होत असे. ऑइलकडून त्या इंजिनाची अपेक्षा साधी होती: घर्षण कमी कर आणि गळू नकोस. २०डब्ल्यू-४० सारखं दाट ऑइल त्याला पुरायचं.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि कॅमशाफ्ट हेडमध्ये चढला. पुशरॉड गेले, दात्यांचा रबरी टायमिंग बेल्ट आला आणि त्याच्याबरोबर देखभालीची एक नवी रीतही आली. बेल्ट तुटायच्या आधी कुरकुर करेलच असं नसतं, म्हणून दिसायला धडधाकट असलेला भाग केवळ किलोमीटर भरले म्हणून बदलायचा. हे पचनी पडायला वेळ लागला. ज्या इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांच्या वाटा एकमेकींना छेदतात, त्यांत तुटलेल्या बेल्टने व्हॉल्व्ह वाकवले आणि हेड खोलायची वेळ आणली, तेव्हाच अनेकांना ते पटलं.

तोवर बाहेरच्या जगात कॅमशाफ्टचा मूळ दोष सुधारायचे प्रयत्न सुरू झाले होते. एकच घडण असलेला कॅम संथ आयडलिंगला चालेल किंवा भरधाव वेगाला. दोन्हीकडे तो तडजोडच करतो. १९८० मध्ये अल्फा रोमिओने आपल्या स्पायडर गाडीत इनटेक कॅमचा कोन बदलणारी यंत्रणा दिली. १९८९ मध्ये होंडाने जपानी इंटिग्रामध्ये व्हीटेक आणलं आणि १६०० सीसीतून १६० अश्वशक्ती काढून दाखवली. बीएमडब्ल्यूचं व्हॅनोस १९९२ चं. आपल्याकडे २००० साली होंडा सिटी व्हीटेक आली, तेव्हा ती तरुणांची हौस मानली गेली. सर्वसामान्य गाड्यांत ही यंत्रणा रुजण्यामागे हौसेइतकाच धुराचा कायदा होता. एप्रिल २०१० मध्ये निवडक शहरांत, म्हणजे महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि सोलापुरात, बीएस-४ लागू झालं आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी किती अंश उघडे राहतात, हे हवं तसं बदलता आलं की जळालेल्या वायूचा थोडा भाग सिलिंडरमध्येच ठेवता येतो आणि नायट्रोजन ऑक्साइड घटतात. २०११ च्या स्विफ्टमधल्या १.२ लिटर इंजिनालाही व्हीव्हीटी मिळालं. चैनीची वस्तू दहा-अकरा वर्षांत मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली.

आता ही यंत्रणा चालते कशी, ते नीट पाहायला हवं, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. कॅमशाफ्टच्या टोकाला, चेनच्या चक्रात, एक फेझर बसवलेला असतो. बाहेरचं कवच चेनबरोबर फिरतं, आतला पाती असलेला रोटर कॅमशाफ्टला जोडलेला असतो आणि दोघांमध्ये ऑइलचे कप्पे असतात. पातीच्या एका बाजूला ऑइलचा दाब वाढवला की कॅम काही अंश पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला वाढवला की मागे. कुठल्या कप्प्यात किती ऑइल जाईल, हे अंगठ्याएवढा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो आणि त्याला हुकूम देतो ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक. म्हणजे इथे ऑइल नुसतं वंगण उरत नाही, व्हॉल्व्हची वेळ त्याच्याच दाबाने सरकते. मेकॅनिकच्या स्क्रूचं काम दर क्षणी ऑइल करतं. ते काळं पडलं, पातळी खाली गेली किंवा चुकीच्या ग्रेडचं भरलं, तर कॅम चुकीच्या जागी जातो किंवा उशिरा पोचतो.

असा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह बहुधा एका बोल्टवर निघतो. काढून उजेडात धरला तर अनेक गाड्यांत त्याच्या बारीक जाळीवर तपकिरी, चिकट थर दिसतो. क्षणभर १२ व्होल्ट दिले की आतला दट्ट्या टक् करून सरकायला हवा. टोयोटाच्या अनेक इंजिनांत त्याच्या कॉइलचा रोध सात-आठ ओहम भरतो. दहा मिनिटांची तपासणी. प्रत्यक्षात बऱ्याचदा होतं असं की स्कॅनरवर पी००११ कोड आला की फेझर किंवा अख्खा चेन सेट मागवला जातो. तो कोड इतकंच सांगतो की कॅम हवा त्यापेक्षा पुढे आहे. जाळी तुंबली, दट्ट्या अडकला, ऑइल कमी आहे की फेझर झिजला, यांतलं काहीही तो सांगत नाही. स्कॅनरवर विसंबून नट फिरवणारा आजचा कारागीर फीलर गेज दोनदा घालून पाहणाऱ्या जुन्या कारागिराच्या पासंगालाही पुरत नाही, असं म्हणायला हरकत नाही. मात्र कोड दिसला की भाग बदलून मोकळा हो, हे गिऱ्हाइकाच्याच घाईने त्याला शिकवलं आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की आपल्या उन्हाळ्यात पातळ ऑइल टिकणार नाही, दाटच हवं. पद्मिनीच्या काळात यात तथ्य होतं. पण तापलेल्या इंजिनाचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा थर्मोस्टॅट जास्त ठरवतो. विदर्भातल्या मे महिन्यातही आणि महाबळेश्वरच्या जानेवारीतही कूलंट साधारण ९० अंशांच्या आसपास धरला जातो. १०० अंशांवर ५० ग्रेडचं ऑइल २० ग्रेडच्या दुपटीच्या आसपास दाट असतं. कप्पे किती वेळात भरतील याचा ईसीयूचा हिशेब पातळ ऑइल धरून केलेला असेल, तर दाट ऑइल टाकून संरक्षण मिळत नाही, कॅमला उशीर होतो. झिजलेलं, ऑइल पिणारं इंजिन असेल तर मॅन्युअल परवानगी देईल तेवढी एक पायरी वर जावं, इतकी सूट रास्त आहे.

दुसरा आक्षेप जास्त भावनिक आहे: जुनी इंजिनं रस्त्याच्या कडेला दुरुस्त होत, नवी फेकून देण्यासाठीच बनतात. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा हा सूर पुष्कळ ऐकू आला. दुरुस्ती सोपी होती हे खरंच. पण ती वारंवार करावी लागे, हे त्या आठवणींत येत नाही. शिवाय जुनं कसब बाद झालेलं नाही. कित्येक व्हीटेक इंजिनांत फट आजही स्क्रू आणि लॉकनटनेच बसवतात. सीएनजीवर धावणाऱ्या गाडीत तर याची गरज अधिक: तो वायू कोरडा जळतो, व्हॉल्व्हची बैठक झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट कमी होत जाते. फट वाढली तर टॅपेट खडखडतं आणि मालक गॅरेज गाठतो. फट संपली तर आवाज होत नाही. व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. हायड्रॉलिक टॅपेट नसलेल्या सीएनजी गाडीत हेडमधली शांतता ही चांगली खूण मानू नये.

तिसरा आक्षेप कंपन्यांच्याच शब्दांवर उभा आहे: ऑइल वर्षाने किंवा १०,००० किलोमीटरने बदलायचं, चेन तर आयुष्यभराची, मग काळजी कसली? पण अनेक मॅन्युअलांत खडतर वापराचं वेगळं कोष्टक असतं आणि त्यात ही मुदत बरीच कमी, कधी निम्मी असते. छोटे पल्ले, धूळ, तासन्‌तास रखडणारी वाहतूक ही त्यातली वर्णनं पुण्या-मुंबईचीच आहेत. रखडलेल्या गाडीचा मीटर हलत नाही, इंजिन मात्र चालूच असतं. चेनच्या कड्या ताणल्या जात नाहीत, त्यांच्या पिना झिजतात, आणि घाण ऑइलमध्ये ही झीज वाढते. कॅम मागे पडत जातो, ईसीयू काही काळ सांभाळून घेतो आणि एक दिवस पी००१६ दाखवतो. फोर्डने तर आपल्या १ लिटर इकोबूस्ट इंजिनात, जे २०१३ च्या इकोस्पोर्टमधून आपल्याकडेही आलं, टायमिंग बेल्टच ऑइलमध्ये बुडवला होता. अशा बेल्टला चुकीचं ऑइल मानवत नाही. त्याचा चुरा ऑइल पंपाच्या गाळणीत अडकला की संपूर्ण इंजिन उपाशी राहतं.

तेव्हा पुढच्या सर्व्हिसिंगला बिलावर नुसतं ‘इंजिन ऑइल’ लिहून घेऊ नका. ग्रेड आणि प्रत लिहून मागा, आणि ती मॅन्युअलशी ताडून पाहा. व्हीव्हीटीचा कोड आला तर फेझरचा भाव विचारण्याआधी तीन गोष्टी करायला सांगा: ऑइलची पातळी पाहा, ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह काढून जाळी दाखवा, त्याला १२ व्होल्ट देऊन दाखवा. एवढं करायला नकार देणाऱ्या गॅरेजमध्ये हेड खोलू देऊ नका.