अळी आधी, फुलपाखरू नंतर : भाद्रपद-आश्विनातलं कीटक निरीक्षण

पोळा झाला, गणपती येऊन गेले, आता घटस्थापनेची तयारी सुरू आहे. सोयाबीन पिवळं पडायला लागलंय, तुरी कमरेएवढ्या झाल्यात आणि बांधावर कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे डुलतायत. आपल्या धाराशिव जिल्ह्यात कीटक पाहायचे असतील तर हेच दिवस.

हेच का? आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. कोकणात जूनपासून हिरवळ असते, ती दिवाळीनंतरही टिकते. आपल्याकडं पाऊस उशिरा जोर धरतो, बऱ्याचदा सप्टेंबरमध्येच खरा पडतो, आणि दिवाळीनंतर गवत वाळायला लागतं. हा मधला काळ म्हणजे किड्यांचा सुगीचा हंगाम. पावसानंतर पालवी येते, पालवीवर अंडी घातली जातात, अंड्यांतून अळ्या, अळ्यांची फुलपाखरं, आणि ती पुन्हा अंडी घालतात. एक फेरी पूर्ण व्हायला अनेक जातींना जेमतेम महिनाभर लागतो. जुलैत जिथं दोन-चार फुलपाखरं दिसत होती तिथं सप्टेंबरअखेर थवे का दिसतात, ते यावरून कळेल.

आता पाहायचं कसं? बहुतेक मुलं फुलपाखरू दिसलं की त्याच्यामागं पळतात. ते काही हाती लागत नाही, आणि लागलं तर पंखांची पूड तेवढी बोटांना राहते. (ती पूड म्हणजे बारीक खवले असतात. पंखांवरचे रंग त्या खवल्यांचे.) त्यापेक्षा सोपी युक्ती सांगतो. फुलपाखरू शोधू नका, झाड शोधा. फुलपाखरू मध कुठल्याही फुलातला पिईल, पण अंडी ठरावीक झाडावरच घालतं, कारण त्याची अळी तोच पाला खाते. झाड ओळखता आलं की निम्मं काम झालं.

सुरुवात रुईपासून करू. मारुतीला आपण जिची माळ घालतो ती रुई. रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत, शाळेच्या कुंपणापाशी कुठंही असते. तिची पानं उलटून पाहा. पांढऱ्या अंगावर काळे-पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली, तर ती 'प्लेन टायगर' या फुलपाखराची. मराठीत त्याला बिबळ्या कडवा म्हणतात. पंख नारंगी, टोकं काळी, त्यावर पांढरे ठिपके.

'कडवा' का, सांगा पाहू? रुईचा चीक विषारी असतो हे तुम्हाला घरी सांगितलेलं असेलच. ही अळी तोच पाला खाते आणि त्यातलं विष स्वतःच्या अंगात साठवते. तिला काही होत नाही, पण तिला खाणाऱ्या पक्ष्याला मळमळतं, उलटी होते. एकदा अनुभव आला की तो पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणून तर हे फुलपाखरू इतकं निवांत, रमतगमत उडतं. घाई कशाला करायची?

खरी गंमत पुढं आहे. दुसरं एक फुलपाखरू आहे, 'डॅनाइड एगफ्लाय'. त्याचा नर काळा असतो, पंखांवर मोठे पांढरे ठिपके आणि ठिपक्यांच्या कडेनं जांभळी झाक. मादी मात्र हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते! तिच्या अंगात तसलं विष नाही. नुसतं सोंग. पक्षी फसतात आणि तिला सोडून देतात. तुम्हाला फसायचं नसेल तर मागच्या पंखाचा मधला भाग पाहा. कडव्याच्या तिथं तीन-चार काळे ठिपके असतात, सोंगाडी मादीच्या तिथं वरच्या कडेला एकच. आणि या सोंगाड्या फुलपाखराची अळी काय खाते? घोळ. हो, आपल्या आया भाजी करतात तीच घोळ! म्हणजे रुई आणि घोळ जवळजवळ असतील तिथं नक्कल करणारी आणि जिची नक्कल केली ती, दोन्ही सापडण्याची शक्यता जास्त.

तिसरं झाड तरोटा. पावसाळ्यात याचा कोवळा पाला आपण भाजीला खुडतो, मग तो वाढतो, पिवळी फुलं येतात आणि लांब वाकड्या शेंगा लागतात. तरोट्याच्या ताटव्यावर बुटक्या उंचीवरून उडणारी छोटी पिवळीधमक फुलपाखरं म्हणजे 'ग्रास यलो'. त्यांच्यापेक्षा मोठी, हिरवट-पांढरी आणि सुसाट उडणारी ती 'एमिग्रंट' गटातली. ही मंडळी ओढ्याकाठच्या ओल्या चिखलावर दाटीवाटीनं बसलेली दिसतात. तिथं फुलं नाहीत, मध नाही, मग काय करतात? ते चिखलातले क्षार शोषून घेतात. बसणारे बहुतेक नर असतात. अशा घोळक्याच्या चार हात अलीकडं गुपचूप बसून राहा. दहा मिनिटांत ते तुमची दखल घेणं सोडून देतील.

आणखी काही जोड्या भराभर सांगून टाकतो. एरंडावर 'कॉमन कॅस्टर', तांबूस-तपकिरी रंगाचं, पंखांवर नागमोडी रेघांचं. बोरीवर 'कॉमन पिएरो', पांढऱ्यावर काळे ठिपके, जणू कुणी शाई शिंपडलीय. वाघाट्याच्या वेलीवर (आषाढी बारशीला ज्याच्या फळांची भाजी करतात तो वेल) 'पायोनियर', पांढऱ्या पंखांना काळी किनार. तुरीच्या कळ्यांवर घुटमळणारी, मागच्या पंखाला बारीक शेपटी असलेली निळसर फुलपाखरं 'पी ब्लू'. शेतकऱ्याला ही शेवटची काही आवडायची नाहीत, कारण त्यांच्या अळ्या कळ्या-शेंगा पोखरतात.

शाळेतला प्रयोग

शाळेत किंवा घरी कढीपत्ता, लिंबू नाहीतर बेल आहे ना? मग वेगळ्या प्रयोगशाळेची गरज नाही. कोवळी पानं निरखून पाहा. पानावर पक्ष्याची शीट पडलीय असं वाटेल. काळपट-तपकिरी, मध्ये पांढरा डाग. ती शीट हळूच चालायला लागली तर समजा, लिंबावरच्या 'लाइम' फुलपाखराची अळी आहे! शीट कोण खाणार? म्हणून हा वेष. शेवटची कात टाकली की ती एकदम हिरवीगार होते, पानात पान. तिला काडीनं अगदी हलकेच डिवचलं तर डोक्यामागून लालसर-नारंगी रंगाचं दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि घाण वास सुटतो. एकदा पाहा, पुन्हा पुन्हा डिवचू नका.

मोठ्या तोंडाच्या बरणीत अळी फांदीसकट ठेवा, तोंडाला जुन्या साडीचं जाळीदार कापड बांधा. रोज ताजा पाला द्या आणि विष्ठा काढून टाका, नाहीतर बुरशी येते. पानं आदल्या दिवशी फवारलेल्या झाडाची नसावीत. काही दिवसांनी अळी खाणं थांबवते, काडीला रेशमाच्या धाग्यानं स्वतःला बांधून घेते, जणू कमरेला पट्टा लावून कुणी मागं रेललंय, आणि कोष होते. साधारण आठवडाभरानं कोष काळपट दिसू लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर शाळेत या. बाहेर आलेल्या फुलपाखराचे पंख चुरगळलेल्या कागदासारखे असतात. त्यांच्या शिरांत द्रव भरत जातो, पंख ताठ होतात, वाळतात. याला तासभर तरी लागतो. या वेळात हात लावायचा नाही. मदत करायला गेलात तर पंख कायमचे वाकडे राहतील.

कधी कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशी बाहेर पडते. मुलं हिरमुसतात. पण हेही तितकंच मोलाचं निरीक्षण आहे बरं का. त्या माशीनं अळीच्या किंवा कोषाच्या अंगात आधीच अंडी घातलेली असतात आणि तिची पिल्लं आतून वाढतात. सगळ्याच अळ्यांची फुलपाखरं झाली असती तर लिंबाला पान उरलं नसतं.

बांध साफ केल्यावर

आता वरची नावं पुन्हा वाचा. रुई, घोळ, तरोटा, एरंड, वाघाटी. यातलं कोणी मुद्दाम लावतं का? ही सगळी बांधावरची, पडीक रानातली झाडं. आपण त्यांना 'तण' म्हणतो. पूर्वी बांध खुरप्यानं साफ व्हायचा, थोडं निघायचं, थोडं राहायचं. आता पाठीवरच्या पंपानं तणनाशक मारलं की एका सकाळी पूर्ण बांध जळून जातो. पिकातलं तण काढावंच लागतं, मजुरी परवडत नाही, हे मीही शेतकऱ्याच्या घरचा असल्यानं जाणतो. पण बांधावरचा तरोटा पिकाचं काय खातो? बांध जळाला की त्यावरची अंडी, अळ्या, कोष सगळं एकदम जातं, आणि उडणाऱ्या मादीला नवी अंडी घालायला जागाच राहत नाही. घरी वडिलांशी, आजोबांशी बोला. एका बांधाची एक कड फवारायची सोडली तर पुढच्या सप्टेंबरात तिथं काय दिसतं, ते वहीत लिहा. शाळेचं मैदान साफ करतानाही कुंपणालगतचा हातभर पट्टा तसाच ठेवायला सरांना, मॅडमना सांगा.

बाकीची मंडळी

आधी एक कसोटी. सहा पाय असतील तर कीटक. कोळ्याला आठ पाय, म्हणून तो कीटक नाही. मृगात दिसणारा मखमली लाल 'मृगाचा किडा' हाही नाही, मोजून पाहा पुढच्या जूनमध्ये.

मूग-उडीद, दोडका, भेंडी यांच्या फुलांवर काळ्या अंगावर नारंगी पट्टे असलेले भुंगेरे बसलेले दिसतील. त्यांना हिंगे म्हणतात. दिसायला देखणे, पण हात लावायचा नाही! चेंगरले तर अंगातून असा द्रव सोडतात की कातडीवर फोड येतात. फुलं खातात म्हणून शेतकरी त्यांच्यावर चिडतो. पण यांच्या कित्येक जातींची पिल्लं जमिनीत नाकतोड्याची अंडी खाऊन वाढतात. मग हा शत्रू की मित्र? वर्गात यावर वाद घाला, मजा येईल.

खंडोबाचा किडा, काही जण खंडोबाचा घोडा म्हणतात, तो पुढचे पाय जोडून प्रार्थनेला बसल्यासारखा दिसतो. अणदूर-नळदुर्गचा खंडोबा आपल्याच जिल्ह्यातला, त्यामुळं हे नाव आपल्याकडच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. हा पक्का शिकारी. जोडलेले हात मागण्यासाठी नाहीत, झडप घालण्यासाठी आहेत.

वर्गाच्या खिडकीच्या कोपऱ्यात मातीचं इवलंसं मडकं चिकटवलेलं असतं, ते कुंभारीण माशीचं. गोरोबाकाकांचं तेर आपल्या जिल्ह्यातलं, पण या कुंभारणीला चाक लागत नाही. ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून आणते आणि थापत जाते. आत आधी अंडं घालते, मग बेशुद्ध केलेल्या अळ्या भरते आणि तोंड बंद करते. पिल्लाला ताजा खाऊ तयार! मडक्याला गोल भोक दिसलं तर पिल्लू निघून गेलंय, मग ते तुम्ही फोडून पाहू शकता.

आणि चतुर. त्याच्या शेपटीला दोरा बांधून उडवण्याचा खेळ अनेकांनी खेळलेला असतो. तो खेळ सोडून द्यावा असं मला का वाटतं, ते ऐका. या दिवसांत संध्याकाळी सोयाबीनच्या रानावर, शाळेच्या मैदानावर पिवळसर-तांबूस चतुरांचे थवे न बसता घिरट्या घालताना दिसतात. ते 'वांडरिंग ग्लायडर'. यांची पिल्लं पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत दीड-दोन महिन्यांत वाढतात, डासांच्या अळ्या खातात आणि डबकं आटायच्या आत उडून जातात. कुठं? चार्ल्स अँडरसन नावाच्या जीवशास्त्रज्ञांना मालदीव बेटांवर दर ऑक्टोबरमध्ये हेच चतुर मोठ्या संख्येनं येताना दिसले. त्या बेटांवर गोडं पाणी जवळजवळ नाही, म्हणजे ते तिथले नव्हेत. अनेक वर्षांच्या नोंदींवरून त्यांनी 2009 मध्ये मांडलं, की हे चतुर भारतातून निघतात, वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेत पोहोचतात. पुढच्या पिढ्या पुन्हा पावसामागोमाग परततात. बोटाएवढा किडा, आणि समुद्र ओलांडायचा!

कधी, कुठं, काय लिहायचं

वेळ सकाळी नऊ ते अकरा. ऊन अंगात मुरल्याशिवाय फुलपाखराला नीट उडता येत नाही, म्हणून सकाळी ते पंख पसरून बसतं आणि छान दिसतं. येडशीच्या रामलिंग अभयारण्यात सहल गेली तर उत्तमच, पण गावचा ओढा आणि शाळेचं कुंपण आधी पाहून घ्या. तिथं रोज जाता येतं. गडद कपडे घाला, सावली फुलपाखरावर पडू देऊ नका. उंच गवतात काठी आपटत चाला, पायात बूट हवेत, सापांचे दिवस आहेत. फवारणी झालेल्या रानात त्या आठवड्यात जाऊच नका.

सप्टेंबर महिना देशभर 2020 पासून 'बिग बटरफ्लाय मंथ' म्हणून साजरा होतो, त्यात तुमच्या नोंदीही जाऊ शकतात. आपल्या भागातल्या नोंदी पुण्या-मुंबईच्या मानानं कमीच असतात, त्यामुळं तुमची एक ओळही कामाची. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू 'ब्लू मॉर्मन' आहे, 2015 मध्ये तसं जाहीर झालं. ते मुख्यतः सह्याद्रीच्या ओल्या जंगलातलं, आपल्याकडं दिसलंच तर नक्की फोटो काढा.

नाव आलं नाही तरी चालेल. तारीख, वेळ, कोणत्या झाडावर, काय करत होतं, एवढं लिहा आणि वेडंवाकडं का होईना चित्र काढा. ग्लायडर चतुर मात्र रोज पाहायचे. दसऱ्यानंतर ते कमी कमी होत जातील. शेवटचा थवा ज्या संध्याकाळी दिसला ती तारीख वहीत लाल पेनानं लिहून ठेवा. पुढच्या वर्षीही लिहायची आहे.