सातबाऱ्याचा राखणदार

कोकणातील गावाच्या वेशीवर एखादा राखणदार असतो. एरवी त्याच्याकडे कोणी फारसे फिरकत नाही, परंतु गावावर संकट आले की नारळ घेऊन सारी वस्ती त्याच्यापुढे उभी राहते. अलिबाग, पेण, उरण आणि पनवेल या किनाऱ्यालगतच्या तालुक्यांत शेतकरी कामगार पक्षाचे स्थान याहून फारसे निराळे नाही, असे निवडणुकांचे निकाल आणि जमिनीचे दफ्तर शेजारी ठेवून वाचणाऱ्यास वाटल्यावाचून राहत नाही.

या पक्षाची मुळे त्याच्या जन्माआधीची आहेत. अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निश्चय केला, आणि पिकाचा अर्धा वाटा व वर वेठ घेणाऱ्या त्या व्यवस्थेविरुद्ध जवळजवळ सहा वर्षे स्वतःच्याच घामाने पोसलेली भातखाचरे पडीक ठेवून, मोलमजुरीवर व रानातल्या मोळ्यांवर दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ च्या डिसेंबरात चरीस येऊन गेले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोतीनिर्मूलनाचे विधेयक कायदेमंडळात मांडले. त्याच वर्षी नारायण नागू पाटलांचे ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र सुरू झाले. पुढे १९३९ च्या कायद्याने कुळास संरक्षण मिळाले, १९४८ च्या कूळकायद्याने ते दृढ झाले, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणारा, कायद्याच्या दृष्टीने तरी, धनी झाला. काँग्रेसमधून फुटून निघालेल्या शेतकरी कामगार पक्षास कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात ही तयार मशागत केलेली जमीन मिळाली. पक्षाच्या दाभाडी प्रबंधातील मार्क्सवाद इथल्या किती आगरी शेतकऱ्यांनी वाचला असेल याविषयी शंका घेण्यास जागा आहे. सातबाऱ्यावरील आपले नाव मात्र प्रत्येकाने वाचले होते.

म्हणूनच या नावावर घाला आला की पक्ष उसळतो. १९७० पासून नव्या मुंबईसाठी सिडकोमार्फत ९५ गावांच्या जमिनी घेतल्या जाऊ लागल्या, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात दोन दिवसांच्या गोळीबारांत पाच आंदोलक बळी पडले. त्याच वर्षाअखेरीस, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या प्रचंड लाटेत देशभर विरोधकांचे पानिपत होत असता, कुलाब्यातून पक्षाचे दि. बा. पाटील लोकसभेवर निवडून गेले. संपादित जमिनीच्या मोबदल्यात विकसित भूखंड देणारे ‘साडेबारा टक्के’ हे या लढ्याचे फळ.

खरी कसोटी पुढे लागली. २००४ च्या विधानसभेत अलिबाग आणि पेण दोन्ही काँग्रेसकडे गेले. जिल्ह्यात पक्षाजवळ उरले एकटे पनवेल. पक्ष संपला, असे मुंबईतील जाणते म्हणू लागले असतानाच महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या भूसंपादनाच्या नोटिसा उरण, पनवेल व पेणच्या गावांत येऊन थडकल्या. पेणमधील गावांचा युक्तिवाद मोठा मार्मिक होता. भोगेश्वरी नदीवरील हेटवणे धरणाचे पाणी आमच्या शेतांस देण्याचे सरकारनेच कबूल केले आहे, कालव्यांची कामे अर्धवट ठेवून आता हेच लाभक्षेत्र उद्योगपतीच्या हवाली करणे म्हणजे सरकारने आपल्याच वचनाची जप्ती करणे होय, असे गावकरी म्हणत. पक्षाचे नेते प्रा. एन. डी. पाटील यांनी हा प्रश्न धसास लावला, उल्का महाजन यांच्या सर्वहारा जन आंदोलनाने वाडीवस्तीवर माणसे जागी केली, आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी बावीस गावांत सरकारी देखरेखीखाली चक्क जनमत घेतले गेले. जमीन द्यायची की नाही, हे मतपत्रिकेवर विचारण्याचा असा प्रसंग या देशात त्यापूर्वी क्वचितच आला असेल.

वर्षभराने अलिबागेत मीनाक्षी पाटील, पेणमध्ये धैर्यशील पाटील आणि उरणात विवेक पाटील असे पक्षाचे तीन आमदार या जिल्ह्यातून निवडून आले; सांगोल्याचे गणपतराव देशमुख धरून चार. उरण हा पुनर्रचनेतून निघालेला नवा मतदारसंघ होता आणि लढ्याचे श्रेय एकट्या पक्षाचे नव्हते, हे मान्य करूनही पेणचा निकाल दुसऱ्या कोणत्या कारणाने उलगडत नाही. पुढे तो प्रकल्प बारगळला.

प्रकल्प बारगळला आणि राखणदाराकडे नारळ घेऊन येणाऱ्यांची रांगही विरळ झाली. २०१४ मध्ये उरण हजाराच्या आतल्या फरकाने गेले, २०१९ मध्ये जिल्ह्यातील एकही जागा उरली नाही, आणि २०२३ मध्ये पेणचे धैर्यशील पाटील भारतीय जनता पक्षात गेले. मांडव्यापासून किहीमपर्यंत एकेकाळची शेते आता मुंबईकरांच्या बंगल्यांसाठी गुंठ्यागुंठ्याने विकली जात आहेत. तेथे नोटीस नाही, गोळीबार नाही, सक्तीचे संपादन नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखतावर सही करणारा हात कुळाच्या नातवाचाच असतो, आणि आपल्याच मतदाराच्या सहीविरुद्ध मोर्चा न्यावयाचा तरी कोणाच्या दारावर, हा पेच १९३३ च्या चरीत कोणास पडलेला नव्हता.