नको असलेला संदेश कुठे अडवावा?

आंबोलीसारख्या घाटमाथ्यावरच्या गावात रात्री मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर लावला, की लांबलांबची केंद्रे सापडतात. पण जवळच एखादा स्वस्तातला एलईडी दिवा किंवा मोबाइलचा चार्जर चालू झाला, तर केंद्र घरघरीत बुडून जाते. आपण आवाज वाढवतो. घरघरही तितकीच वाढते. हाच तो व्यत्यय. (पाठ्यपुस्तकातले प्रकाशाचे व्यतिकरण वेगळे.)

आता आवाजाला हात न लावता ट्रान्झिस्टर टेबलावरच सावकाश फिरवून पाहा. एका विशिष्ट स्थितीत घरघर एकदम उतरते. खोक्याच्या आत फेराइटची कांडी आणि तिच्यावर तारेचे वेटोळे असते. बदलते चुंबकीय क्षेत्र कांडीच्या लांबीच्या दिशेने असेल, तरच वेटोळ्यात विद्युत्‌दाब निर्माण होतो. कांडीचे टोक दूरच्या केंद्राकडे रोखले, की क्षेत्र तिला आडवे पडते आणि ते केंद्र जवळजवळ गप्प होते. जवळच्या चार्जरसाठी ही स्थिती चाचपडतच शोधावी लागते. हवे ते आणि नको ते एकाच रेषेत असेल, तर मात्र दोन्ही जातात. एफएमवर हा प्रयोग करू नये. तिथे अँटेना म्हणजे बाहेर ओढायची दांडी असते.

व्यत्यय इतक्या आधी, अँटेनापाशीच, का अडवायचा? कारण पुढे विवर्धक असतो आणि त्याला मर्यादा असते. जोरदार संदेश आला की त्याच्या लाटांचे माथे छाटले जातात; त्या माथ्यांवर हव्या संदेशाची बारीक नक्षी असेल, तर तीही जाते. शिवाय छाटण्यातून नव्या वारंवारता जन्माला येतात. ९८ आणि १०१ मेगाहर्ट्‌झची दोन बलवान केंद्रे एकदम आत शिरली, तर ९५ आणि १०४ वरही त्यांची भुते दिसू लागतात (२×९८−१०१, २×१०१−९८). तुमचा क्षीण संदेश नेमका ९५ वर असेल, तर पुढची कोणतीही गाळणी त्यांना वेगळे करू शकत नाही. म्हणून गाळणी शक्यतो विवर्धकाआधी हवी. पण तीही हव्या संदेशाचा थोडा अंश खाते. आमच्या मते खरे कौशल्य या तडजोडीतच आहे.

हीच अडचण जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीपुढे फार मोठ्या प्रमाणावर येते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली, त्यामागे शहरी गोंगाटापासून मिळणारा डोंगरांचा आडोसा हेही एक कारण होते. आंबोलीच्या दरीत एफएम अडवणारा डोंगर आपल्याला खटकतो. खोडदला तोच उपकारक ठरतो! २०१० नंतरच्या दशकात दुर्बिणीची सुधारणा होऊन ती साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्‌झपर्यंत ऐकू लागली. त्यात ९०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा मोबाइलचा पट्टा मात्र वगळलेला आहे.

वीजवाहक तारांवरच्या ठिणग्यांना असा ठरावीक पट्टा नसतो. त्या सगळीकडे पसरतात, पण क्षणभरच. तिथे संगणक येणाऱ्या आकड्यांमधले मर्यादेबाहेर उसळणारे आकडे जागच्या जागी ओळखून काढून टाकतो. विवर्धकाने माथे आधीच छाटले असते, तर ही उसळी ओळखणेही अवघड झाले असते. उपग्रहांचे संदेश तर थेट डोक्यावरून येतात; त्यांच्यापुढे डोंगराचा काही इलाज चालत नाही.