झाकूमा राष्ट्रीय उद्यान
आफ्रिकेतील चॅड प्रजासत्ताकाच्या आग्नेय भागातील संरक्षित वन्य प्रदेश. क्षेत्रफळ सु. ३,००० चौ. किमी. स्थापना १९६३. राजधानी एन्जामेनापासून हे उद्यान फार दूर असल्याने पर्यटक बहुधा लहान विमानाने येतात. पावसाळ्यात उद्यानाचा बराच भाग पाण्याखाली जाऊन वाटा बंद होतात. म्हणून सफारीचा हंगाम कोरड्या ऋतूपुरताच असतो. मार्च-एप्रिलमध्ये पाणवठे आटू लागले, की हत्ती, रानम्हशी व कोर्डोफान जिराफ उरलेल्या डोहांभोवती एकवटतात. लाल चोचीच्या क्वेलीया पक्ष्यांचे प्रचंड थवेही तेथे उतरतात. वन्यजीवदर्शन उघड्या मोटारीतून किंवा सशस्त्र रक्षकासह पायी केले जाते.

पावसाळ्यात हत्ती उद्यानाबाहेर पडत आणि हस्तिदंतासाठी घोड्यांवरून येणाऱ्या टोळ्या त्यांची कत्तल करीत. २००२ मध्ये ४,००० हून अधिक असलेले हत्ती २०१० पर्यंत सु. ४५० उरले. सततच्या भीतीने कळपातील प्रजननही जवळजवळ थांबले. २०१० पासून शासनाने व्यवस्थापन ‘आफ्रिकन पार्क्स’ या संस्थेकडे सोपविले. हत्तींच्या गळ्यात उपग्रहाद्वारे माग दाखविणारे पट्टे बसवून पहारा वर्षभर ठेवण्यात आला. सप्टेंबर २०१२ मध्ये शिकाऱ्यांच्या हल्ल्यात सहा रक्षक बळी पडले. तथापि पहारा चालू राहिला. पुढे पिले जन्मू लागली आणि २०१८ मध्ये हत्तींची संख्या ५५० च्या वर गेली. प्रवाशाला आज पाणवठ्यावर दिसणारा कळप हे या पहाऱ्याचेच फलित होय.