फाशी टळली ती कशामुळे?

पुण्याजवळच्या गहुंजे येथील २००७ च्या बलात्कार-खून खटल्यातील दोघांची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली, तेव्हा ‘न्यायालयाला गुन्हेगारांचाच पुळका’ असा सूर उमटला. तो चुकीचा आहे. दोषसिद्धी कायमच राहिली. न्यायालयाने बोट ठेवले ते सरकारी दिरंगाईवर. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज मे २०१७ मध्ये फेटाळला, आणि येरवड्यात फाशीची तारीख ठरली २४ जून २०१९! माणसाला विनाकारण असे मरणाच्या टांगणीला ठेवणे म्हणजे घटनेच्या कलम २१ चा भंग. मग बळी गेलेल्या तरुणीच्या कुटुंबाचे काय? प्रश्न रास्तच, पण त्यांच्यावरही अन्याय केला तो फायली दाबून बसणाऱ्यांनीच. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा हा निकाल कायम केला.