बीपीची एक गोळी, आत औषधं किती?

वसमत, औंढा, कळमनुरीकडे हळद निघू लागली की माणसाला उसंत नसते. काढणी, शिजवणी, उन्हात वाळवण, मग ढोलात पॉलिश. कंबर-गुडघे धरतात आणि मेडिकलवरून अंगदुखीची गोळी आणली जाते. ती घेणाऱ्याला बीपी असेल, तर धोका इथंच आहे.

बीपीच्या एका गोळीत हल्ली बऱ्याचदा दोन-तीन औषधं असतात. टेल्मिसार्टनच्या नावापुढे ‘एएम’ असेल तर आत अॅम्लोडिपिनही असतं. ‘एच’ असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध. या गोळ्या चांगल्याच आहेत. बीपी नीट आवरतं, रोजची गोळी चुकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

पण त्यावर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किंवा अॅसिक्लोफिनॅक पडलं, की मूत्रपिंडाचं गणित बिघडतं. रक्त आत आणणारा पाट वेदनाशामक अरुंद करतं, बाहेर नेणारा पाट टेल्मिसार्टन रुंद करतं आणि विहिरीतलं पाणी ‘एच’नं आधीच उपसलेलं असतं. मग रक्त गाळायला लागणारा दाबच उरत नाही. त्यात एप्रिलचं ऊन लागलं किंवा जुलाब-उलट्या झाल्या, तर वयस्क आणि मधुमेही माणसाचं मूत्रपिंड काही दिवसांतच निकामी होऊ शकतं. शिवाय ही वेदनाशामकं बीपीही वाढवतात. मग दोष बीपीच्या गोळीला जातो. सर्दीच्या गोळ्यांतलं फेनिलेफ्रिन आणि रोज घेतलेला ज्येष्ठमधाचा काढा यांनीही बीपी चढतं. ‘कमी सोडियम’चं मीठ तर टेल्मिसार्टनसोबत रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीवर नेऊ शकतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कात्रीची. पाचच गोळ्या कापून घेतल्या की नाव राहतं दुकानातल्या तुकड्यावर. दुसऱ्या डॉक्टरांना पेशंट सांगतो, ‘ती बारकी पांढरी गोळी’. त्यावरून कुठला डॉक्टर काय ओळखणार? सरकारी दवाखान्यातली एक आणि खासगीतली दुसरी, नावं वेगळी पण आत तेच औषध, असंही मग घडतं.

म्हणून नाव असलेली पट्टी जपा. अंगदुखीची गोळी मागण्याआधी ती दाखवा; पॅरासिटामॉल चालेल का, हे विचारा. बीपीची गोळी मनानं बंद करू नका. पण जुलाब-उलट्या लागल्या किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.