स्लॅबच्या दिवशी व्हायब्रेटरकडे बघा

नाशिकच्या गंगापूर रोडवर आनंदवल्लीपासून सोमेश्वरपर्यंत नवी बांधकामं सतत चालू असतात. साइट बघायला आलेले फ्लॅटधारक सिमेंटचा ब्रँड विचारतात, सळयांची जाडी विचारतात. काँक्रीट नीट दाबून बसवलं का, हे क्वचितच कोणी विचारतं आणि मला ती मोठी उणीव वाटते.

नुकत्याच ओतलेल्या काँक्रीटमध्ये 5 ते 20 टक्के हवा अडकलेली असते. ती बाहेर काढली नाही तर पोकळ्या राहतात. दर 1 टक्का पोकळीमागे ताकद साधारण 5 टक्क्यांनी घटते. त्याच वाटेने पाणी सळईपर्यंत पोहोचतं. गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते.

म्हणून व्हायब्रेटर. त्याची सुई सरळ उभी, झटकन आत घालायची, खालच्या ओल्या थरात 10-15 सेंटिमीटर उतरवायची. बुडबुडे येतात, खडी बुडते, वर चकाकी धरते. बुडबुडे थांबले की सुई सावकाश ओढायची, म्हणजे तिचं भोक आपोआप मिटतं. बहुधा 5 ते 15 सेकंद पुरतात. मग दीडेक फुटावर पुन्हा. सुईने काँक्रीट ढकलत नेऊ देऊ नका. खडी मागे राहते, वाळू-सिमेंटचा माल पुढे सरकतो.

खरा दगा होतो तो कॉलम-बीमच्या जोडावर. सळयांच्या दाटीत जाड सुई शिरतच नाही. तिथे 25 किंवा 40 मिलिमीटरचीच हवी. आणि वीज गेली तर काम अडू नये म्हणून पेट्रोलवर चालणारा दुसरा व्हायब्रेटर साइटवर आहे ना, हे आदल्या दिवशीच विचारा.